गाडी पुसणारा हात

मागच्या दिवाळीच्या तोंडावर माझ्या पुतण्याने घरात जाहीर केले, की तो गाड्यांच्या 'डिटेलिंग'चे दुकान टाकणार आहे. बीड शहरात, बार्शी रस्त्याला एक पत्र्याचे शेड त्याने भाड्याने बघून ठेवले होते. डिटेलिंग म्हणजे काय, हे त्याने आम्हाला समजावून सांगितले. ते नुसते गाडी धुणे नव्हे. रंगात रुतलेला मळ काढायचा, ओरखडे घालवायचे, काचेवरचे डाग, आतली बैठक, चाकांच्या खाचा असे एकेक अंग हाताळत गाडीला तिचे मूळचे रूप द्यायचे आणि वर संरक्षक थर चढवायचा.

माझे वडील, ज्यांना घरात लहानथोर सगळेच आण्णा म्हणतात, ते फराळाची थाळी पुढ्यात घेऊन ऐकत होते. ते एवढेच म्हणाले, "हातातलं फडकं सुटावं म्हणून मी सात वर्षं घातली. अन् ह्यानं पुन्हा फडकंच धरलं."

त्यानंतर कोणी काही बोलले नाही. आण्णा १९६४ साली, वयाच्या सोळाव्या वर्षी, एका मालमोटारीवर क्लीनर म्हणून चढले होते. पुढे ते ड्रायव्हर झाले, त्यावर घर उभे राहिले, आम्ही शिकलो. मी महाविद्यालयात इतिहास शिकवतो. निजामशाही, आसफजाही, मुक्तिसंग्राम हे सारे मुलांना सांगत आलो. पण वडिलांच्या हातातल्या फडक्याला काही इतिहास आहे, हे माझ्या मनात कधी आले नव्हते. त्या दिवाळीपासून मी तो शोधू लागलो. जे हाती लागले ते इथे मांडतो.

*

सुरुवात मोटारीच्या आधीपासून करावी लागते. वाहन निगा मागते, ही गोष्ट आपल्याला मोटारीने शिकवलेली नाही. घोड्याला खरारा करणे हा शब्दप्रयोग मराठीत अजून जिवंत आहे. दातेरी खराऱ्याने घोड्याच्या अंगातली धूळ, सुटलेले केस आणि वाळलेला घाम उकरून काढायचा, मग ब्रशाने किंवा गवताच्या जुडीने अंग चोळायचे आणि शेवटी कापडाने पुसून घ्यायचे. ही कामे करणाराला मोतद्दार म्हणत. पागेतला घोडा सरकारचा असे, त्यावर बसणारा बारगीर वेगळा आणि त्याची निगा राखणारा हात त्याहून वेगळा.

आमच्या जिल्ह्यात गेवराई तालुक्यात गोदावरीकाठी राक्षसभुवन आहे. १० ऑगस्ट १७६३ रोजी तिथे माधवराव पेशव्यांच्या फौजेने निजामाच्या सैन्याचा पराभव केला आणि निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर मारला गेला. ही लढाई मी दरवर्षी वर्गात शिकवतो. भर पावसाळ्याचे दिवस, गोदेचे पात्र आणि काळ्या मातीचा चिखल. ज्याने ही माती ओली असताना तुडवली आहे, त्याला ठाऊक असते की ती पायाला धरते ती सोडत नाही. लढाईनंतर त्या हजारो घोड्यांच्या खुरांतला चिखल कोणीतरी काढला असणार. सरदारांची नावे कागदांत आहेत. मोतद्दारांची नाहीत.

शेतकऱ्याच्या घरात हेच काम वर्षातून एकदा मानाचे होते. श्रावण अमावास्येच्या पोळ्याला बैल ओढ्यावर नेऊन घासूनपुसून धुतात. आदल्या संध्याकाळी खांदेमळणी असते: वर्षभर जू वाहिलेला खांदा कोमट पाण्याने शेकून त्यावर हळद आणि लोणी किंवा तूप चोळायचे. मग शिंगांना रंग, अंगावर झूल. नीट पाहिले तर या सोहळ्याला क्रम आहे. आधी मळ, मग दुखावलेली जागा, मग रंग, शेवटी वरचे आवरण. पुतण्याने आपल्या वहीत कामाचा जो क्रम लिहून ठेवला होता, तो याहून फारसा निराळा नव्हता. खंडेनवमीला हत्यारे आणि दसऱ्याला वाहने धुऊन झेंडूची माळ घालण्याची रीत याच घरातली.

म्हणजे वाहन पुसणे आपल्याकडे सणाला मानाचे होते आणि एरवी नोकराचे. आण्णांच्या त्या एका वाक्यात हेच दुखणे होते.

*

बीडच्या इतिहासात मोटारीचे स्थान शेजारच्या बहुतेक जिल्ह्यांपेक्षा वेगळे आहे, कारण जिल्ह्याच्या ठिकाणी रेल्वे नव्हती. निजामाच्या काळात परळीला रूळ पोचले. बीड शहर मात्र कोरडेच राहिले. अहमदनगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग मंजूर होऊन दशके लोटली. अखेर १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, बीड-अहिल्यानगर गाडी सुरू झाली. तोवर माणूस असो, ज्वारी असो की कापूस, बीडहून बाहेर जायचे ते रस्त्यानेच.

हैदराबाद संस्थानात निजाम स्टेट रेल्वेच्या रस्ते वाहतूक विभागाने जून १९३२ मध्ये २७ बसगाड्या आणि १६६ कर्मचारी घेऊन सेवा सुरू केली. पुढे नोव्हेंबर १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि बीडची मालवाहतूक पुण्या-मुंबईकडे अधिक वळली. टाटांनी १९५४ साली जर्मनीच्या डाइम्लर-बेंझशी सहकार्य करून ट्रक बांधायला सुरुवात केली होती. नाकावर मर्सिडीजची चांदणी असलेले ते ट्रक आमच्या भागात 'टाटा-मर्सिडीज' म्हणून ओळखले जात. आण्णा चढले तो ट्रक याच जातीचा.

मालमोटारीवर दोन माणसे असत: ड्रायव्हर आणि क्लीनर. खेड्यात 'डायवर-किन्नर' हा जोडशब्दच झाला. या दुसऱ्या माणसाचे नावच पुसण्यावरून पडले होते, पण त्याचे काम पुसण्यावर थांबत नसे. ताडपत्री आवळणे, दोर टाकणे, घाटात गाडी थांबली की चाकामागे दगड लावणे, लोखंडी गज मारून आवाजावरून टायरची हवा ओळखणे, रेडिएटरला पाणी घालणे, मागे उतरून 'येऊ द्या, येऊ द्या' म्हणत गाडी मागे घ्यायला लावणे. आण्णा सांगतात, मांजरसुंब्याच्या नाक्यावर ड्रायव्हर खाटेवर आडवा झाला, की यांचे काम सुरू होई. बादलीभर पाण्यात केबिन, काचा, दिवे. मग डिझेलचा बोळा फिरवून बॉडीला चमक.

"पुसता पुसता गाडी कळती," असे ते म्हणतात. कुठला नट ढिला आहे, कुठून तेल पाझरते, कुठल्या पाट्याला चीर गेली आहे, हे बोळा फिरवणाऱ्या हाताला आधी समजते. मळाखाली दोष लपतो. म्हणून उस्ताद आधी पुसायला लावायचा, मग स्टेअरिंगला हात. क्लीनर ही मोटारधंद्यातली पहिली इयत्ता होती. बीडसारख्या जिल्ह्यात, जिथे बिनशेतीच्या मुलापुढे ऊसतोडीचा कोयता हाच सरळ रस्ता होता, तिथे या शाळेला फी नव्हती आणि दाखलाही लागत नव्हता.

पण दाखला लागत नव्हता, तसा मिळतही नव्हता. १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा पाहिला, तर 'मोटार वाहतूक कामगार' या व्याख्येत ड्रायव्हर, कंडक्टर यांच्याबरोबर क्लीनर हा शब्द स्पष्ट लिहिलेला आहे. कामाचे तास, विश्रांती, साप्ताहिक सुट्टी, रजा सगळे त्यात आहे. लहान मुलांना कामावर ठेवायला बंदीही होती. मात्र हा कायदा लागू होता तो पाच किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या उपक्रमाला. एका ट्रकचा मालक, त्याचा एक ड्रायव्हर आणि एक क्लीनर, ही आमच्याकडची नेहमीची मांडणी त्या आकड्यात बसत नव्हती. आण्णांची सात वर्षे कायद्याच्या व्याख्येत होती, पण कायद्याच्या कक्षेबाहेर. १९७१ साली त्यांना लायसन्स मिळाले आणि सरकारदरबारी त्यांचा मोटारीशी संबंध त्या दिवशी सुरू झाला. पुढच्याच वर्षी दुष्काळ पडला. त्यांनी ट्रकमधून लाल मिलो वाहिला, ते त्यांना गावोगावच्या नावांसह आठवते. त्याआधीच्या सात वर्षांबद्दल विचारले, तर म्हणतात, "त्याचं काय सांगायचं?"

*

आता थोडे रंगाविषयी, कारण पुसण्याची कला रंगाबरोबर बदलत गेली.

मोटारी आल्या तेव्हा त्यांना घोडागाडीसारखेच तेली वार्निश लावत. त्याचे थरावर थर वाळायला आठवडे जात. १९२३ च्या सुमारास अमेरिकेच्या ड्युपाँ कंपनीने लवकर वाळणारा नायट्रोसेल्युलोज लॅकर बाजारात आणला. त्याचे नाव 'ड्यूको'. कंपनीचे नाव विसरले गेले, रंग बदलले, पण बीडच्या कुठल्याही गॅरेजात आजही पेंटर 'ड्यूको मारून देतो' म्हणतो. सुतारसुद्धा कपाटाला ड्यूको मारतात. शंभर वर्षांपूर्वीच्या एका शोधाचा हा आमच्याकडचा शिलालेख समजावा.

जुन्या गाड्यांचा रंग एकथरी असे. अँबॅसॅडर किंवा प्रीमियर पद्मिनीवर रबिंग पॉलिश घासले, की फडक्याला गाडीचा रंग लागे. निस्तेज झालेला वरचा पापुद्रा निघून खालचा ताजा रंग वर येई. थर जाड असल्याने चूक खपत असे. नंतर रंगावर पारदर्शक थर देण्याची पद्धत आली, ज्याला क्लिअर कोट म्हणतात. आजच्या गाडीवर तो साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा असतो. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास. म्हणजे चमकणारी सगळी श्रीमंती केसाहून बारीक थरात आहे. पॉलिश करणे म्हणजे या थराचा अगदी थोडा भाग घासून ओरखड्याच्या कडा सपाट करणे. तो पुन्हा उगवत नाही.

पुतण्याला हे ठाऊक नव्हते, तेव्हाची गोष्ट. दुकान टाकण्याआधी त्याने ओळखीच्या एका शिक्षकांची काळी गाडी हौसेने धुवायला घेतली. दुपारची वेळ, ऊन टळटळीत, एकच बादली, कपडे धुण्याची पावडर आणि घरातला जुना टॉवेल. टॉवेल मध्येच खाली पडला. त्याने तो झटकून परत घेतला. संध्याकाळी गाडी रस्त्यावरच्या दिव्याखाली उभी राहिली, तेव्हा छतापासून बॉनेटपर्यंत कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल ओरखडे दिसू लागले. शिवाय उन्हात वाळलेल्या थेंबांची पांढरी वर्तुळे. गुरुजी काही बोलले नाहीत. न बोलणेच त्याला जास्त लागले.

त्याने भंगारबाजारातून एक पिचकलेले काळे बॉनेट विकत आणले आणि अंगणात दोन विटांवर ठेवून त्यावर सराव सुरू केला. नवशिक्याने पहिली चूक भंगारावर करावी, गिऱ्हाइकाच्या गाडीवर नाही, हा त्याने स्वतःच्या खर्चाने काढलेला पहिला नियम. दुसरा नियम सावलीचा: पत्रा हाताला गार लागल्याशिवाय पाणी लावायचे नाही. तिसरा, चोळण्याआधी धूळ पाण्याने सोडवून घ्यायची, कारण ओरखडा पाण्याने किंवा साबणाने पडत नाही. फडक्याखाली सापडलेल्या मातीच्या कणाने पडतो. पुसायचे ते वरून खाली, सरळ रेषेत, फडक्याची घडी बदलत.

एका सकाळी आण्णा ओट्यावरून हे पाहत होते. पुतण्याने चाक पुसलेले फडके पिळून बॉनेटवर टेकवले. आण्णा काठी टेकत खाली उतरले. "अंगाचं फडकं निराळं, चाकाचं निराळं," ते म्हणाले. "उस्तादानं ह्याच्यासाठी कानशिलात दिली होती मला." चाकाच्या फडक्यात ब्रेकची लोखंडी भुकटी असते, ती काचेला ओरखडे पाडते, हे त्यांनी १९६५ साली एका चापटीत शिकले होते. पुतण्याने ते वहीत लिहून घेतले. दिवाळीनंतर फडक्यावरून त्या दोघांत झालेले हे पहिले बोलणे.

*

बीडमध्ये या धंद्याची गोष्ट पाण्याशिवाय सांगता येत नाही.

बालाघाटच्या रांगांत वसलेला हा जिल्हा अवर्षणाचा. शहराच्या दक्षिणेला खजाना विहीर आहे. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, मुर्तजा निजामशाहाच्या काळात, इथला जहागीरदार सलाबतखान याने ती बांधून घेतली. बांधणाऱ्याचे नाव राजा भास्कर असे सांगतात. जमिनीखालून नहरीने पाणी विहिरीत येते आणि नहरीनेच पुढे शेतीला जाते. मी विद्यार्थ्यांना तिथे नेतो ते एवढे दाखवायला, की पाणी कमी असलेल्या मुलखात शहाणपण पाण्याच्या साठ्यात नसते, त्याच्या वाटपात असते.

२०१६ च्या उन्हाळ्यात केज तालुक्यातल्या धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले होते. त्याच धरणावर तहान भागवणाऱ्या लातूरला एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. मुंबई उच्च न्यायालयाने आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवण्याचा आदेश दिला तो त्याच महिन्यात. टंचाईत टँकरने पाणी देताना माणशी रोजचे २० लिटर हा हिशेब धरतात. हा आकडा घेऊन मी पुतण्याच्या शेडमध्ये गेलो आणि त्याला विचारले, "अशा गावात पाइप लावून गाडी धुणं शोभेल का?"

त्याने उत्तर दिले नाही, पण महिनाभराने हिशेब दाखवला. पाइप त्याने काढून टाकला होता. पंधरा लिटरच्या दोन बादल्या: एकीत शाम्पू, दुसरीत मळका हातमोजा खळबळून घ्यायला साधे पाणी. बादलीच्या तळाशी जाळी, म्हणजे माती खाली बसते आणि पुन्हा वर येत नाही. सुरुवातीची धूळ उडवायला बारीक फवाऱ्याचा प्रेशर पंप, तोही मोजून. फार मळलेली नसेल त्या गाडीला एकाच बादलीत काम होते: पाण्यात विशिष्ट द्रव मिसळायचा, ओल्या मायक्रोफायबर कापडाने एकेक भाग पुसायचा आणि लगेच कोरडा करायचा, वरून पाणी ओतावेच लागत नाही. चिखलाने माखलेल्या गाडीला हा उपाय चालत नाही, हेही तो गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगतो.

बादलीने धुण्यामागे दुसरेही कारण आहे. आमच्या काळ्या पाषाणातल्या बोअरचे पाणी जड असते. त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार थेंब वाळला की मागे उरतात. तीच ती पांढरी वर्तुळे. डाग ताजा असेल तर पाण्यात मिसळलेल्या पांढऱ्या व्हिनेगरने निघतो. उन्हात आठवडे मुरला तर क्लिअर कोटलाच खड्डा पडतो. म्हणून बीडमध्ये गाडी धुण्यापेक्षा ती वेळेत कोरडी करण्याला महत्त्व. यासाठी पुतण्या पावसाळ्यात पत्र्यावरचे पाणी पिंपांत धरतो आणि शेवटचा हात त्या पाण्याने देतो. मऊ पाणी डाग ठेवत नाही.

मांजरसुंब्याला एका बादलीत अख्खी केबिन चकचकीत करणारा सोळा वर्षांचा मुलगाही हेच करत होता. त्याला पाणी वाचवायचे नव्हते. त्याला ते मिळत नव्हते. पण हात तसाच तयार झाला.

*

इतिहासाच्या माणसाला शेवटी कागद लागतो. मोतद्दाराचा कागद नाही. पोळ्याला बैल धुणाऱ्या सालगड्याचा नाही. आण्णांच्या पेटीत १९७१ चे लायसन्स आहे. त्याआधीच्या सात वर्षांची एक चिठ्ठीही नाही. या हातांनी जे शिकून ठेवले ते चापटीने, बघून आणि बोलण्यातून पुढे गेले. जिथे बोलायची लाज वाटली तिथे ते तुटले. आमच्या घरात ते साठ वर्षे तुटलेले होते.

गुरुजींची काळी गाडी पुतण्याने चार महिन्यांनी मागून घेतली. आधी चिकणमातीसारख्या क्लेने रंगातला रुतलेला मळ ओढून काढला, मग पॉलिशरने सगळ्यात सौम्य पॉलिश वापरून एकेक हातभर जागा केली, शेवटी मेण. तिला दोन दिवस लागले. सगळे ओरखडे गेले नाहीत. खोल होते ते त्याने तसेच ठेवले आणि गुरुजींना बोटाने दाखवले. पैसे घेतले नाहीत. त्यानंतर गुरुजींनी शाळेतल्या तिघांच्या गाड्या पाठवल्या.

या उन्हाळ्यात त्याने केंद्र सरकारच्या उद्यम नोंदणीसाठी अर्ज भरला. तिथे व्यवसायाचा वर्ग निवडावा लागतो. मोटार वाहनांची देखभाल आणि दुरुस्ती या वर्गात गाडी धुणे आणि पॉलिश करणेही मोडते. प्रमाणपत्र आले तेव्हा त्याने ते छापून घरी आणले. आण्णांना बारीक अक्षर दिसत नाही. मी वाचून दाखवले. त्यांनी मध्येच थांबवून विचारले, "ह्याच्यात पुसणं आलं का?"

"आलं," मी म्हणालो.

त्यांनी कागद मागून घेतला, घडी घातली आणि पेटी उघडून लायसन्सच्या पाकिटात ठेवला. दुसऱ्या दिवशी बँकेत कर्जासाठी तो लागला, तेव्हा पुतण्याने आजोबांकडे मागायचे टाळले आणि दुसरी प्रत काढली.